थोडं हिरवं टाका

डोंगराला आग लागली त्या मार्चमध्ये माझा नवरा इंग्यू वरच्या वाडीतल्या म्हातारीला आणायला गेला. म्हातारीला आधीच कोणीतरी गाडीत घालून खाली नेलं होतं. हे त्याला सांगायला फोन लागेना. तो परत आलाच नाही.

तेव्हापासून मी आणि सासरे सरकारने दिलेल्या डब्यासारख्या घरात राहतो. खिडकीतून तोच डोंगर दिसतो, जळके पाइन उभे असलेला. मी पडदा लावते, सासरे उघडतात. दिवसभर आमचं हेच चालतं.

दुसऱ्या वर्षी गावात नवं सभागृह बांधलं. त्याच्या भिंतीवर आमच्या डोंगराचं चित्र काढायचं काम माझ्या नणंदेला, यन्सोला मिळालं. ती राजधानीत, सोलला असते, काळ्या शाईने डोंगर रंगवते, तिची प्रदर्शनं भरतात. ती आली आणि अळंबी संघाच्या शेडमध्ये कागद पसरून बसली. शेड मोकळीच होती. पाइनच्या मुळांशी येणारी सोंगी अळंबी हाच आमचा धंदा, आणि जंगल जळलं की ती एका पिढीला तरी पुन्हा दिसत नाही.

यन्सो रोज रंगवायची आणि रोज फाडायची. मी जेवण घेऊन गेले की पायाखाली फाटके डोंगर.

"आता हे का फाडलंस? चांगलं तर होतं."

"तेच ना, वहिनी! चांगलं दिसतंय. ही शाई पाइनच्या काजळीचीच असते, कागदावर टेकवली की धुक्यासारखी पसरते. लोक म्हणणार, वा, काय सुंदर! माझा भाऊ गेलाय तिथे. सुंदर कसलं डोंबलाचं!"

तिने ब्रश भिंतीवर फेकला. मी भाताचा डबा तिथेच ठेवून निघाले. तिला निदान फेकायला ब्रश तरी होता.

कचेरीतले मो साहेब अधूनमधून यायचे. माणूस वाईट नव्हता. चपला काढून, कागदाच्या कडेने जपून चालायचा.

"ताई, फार काळं होतंय. थोडं हिरवं टाका की. लोकांना आशा दिसली पाहिजे."

"डोंगरावर हिरवं कुठे आहे, साहेब?"

"चित्रात असायला काय हरकत आहे?"

एके दिवशी सासरेही पाहायला आले. आयुष्यभर त्या डोंगरावर अळंबी शोधलेला माणूस. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हा डोंगर? मला तर वाळत घातलेली गोधडी वाटली."

यन्सो भडकली. "मग तुम्ही चला, बाबा, आणि दाखवा! आग लागल्यापासून वर पाऊल टाकलं नाहीत आणि इथे नावं ठेवताय!"

"वर आहे काय आता?"

"तेच बघायचंय."

मला कोणी विचारलं नाही, पण मीही निघाले. सासऱ्यांना एकटं कसं सोडणार?

वर राखेचा वास अजून होता. हात लावला त्या प्रत्येक झाडाने तळवा काळा केला. वळणापाशी पोचलो तर जळक्या खोडांच्या बुंध्यांतून गुडघ्याएवढे कोंब वर आलेले. ओकचे. पाइनचं एकही रोप नव्हतं.

सासऱ्यांचं डोकंच फिरलं. "रान माजलंय नुसतं! हे वाढलं की पाइनला जागाच मिळत नाही!" ते वाकून कोंब उपटायला लागले. एकही निघेना. मुळं जुनी, जिवंत होती. दोन्ही हातांनी ओढता ओढता ते मागे पडले आणि तसेच बसून राहिले.

"इंग्यू छाटायचा हे," ते म्हणाले. "दर शरदात. मी सांगायच्या आधीच कोयता घेऊन निघायचा. आता कोण छाटणार गं?"

दोन वर्षांत त्यांनी त्याचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. मला रडू यायला हवं होतं, पण रागच आला. आगीचा, त्या न लागलेल्या फोनचा, आणि कोणाला न विचारता वाढलेल्या त्या कोंबांचाही.

त्यानंतर यन्सोने शाईत पाणी जवळजवळ घातलंच नाही. कोरडा ब्रश कागदावर घासून घासून पाइन उभे केले. खरखरीत, जिथे तिथे फाटल्यासारखे. त्यांच्या बुंध्याशी ओकचे कोंब, तेही काळेच. हे तिने फाडलं नाही.

मो साहेब चित्रासमोर येऊन उभे राहिले. "पण ताई, आशा कुठे आहे?"

सासऱ्यांनी कोंबांकडे बोट दाखवलं. "ती काय. मेली उपटून निघत नाही."

कचेरीला ते पटलं नाही. सभागृहात समुद्रावरच्या सूर्योदयाचा मोठा फोटो लागला. उद्घाटनाला आम्ही गेलो, टाळ्या वाजवल्या, तांदळाचे केक खाल्ले. यन्सो पूर्ण वेळ दात आवळून बसली होती. चित्र शेडच्याच भिंतीवर राहिलं.

तिची सोलची बस निघायच्या आधी आम्ही दोघी शेडमध्ये गेलो. चित्रातली पायवाट वळणापाशीच संपली होती.

"वाट पुढे जाते," मी म्हणाले.

"माहीत आहे, वहिनी. दादा सापडला तिथवर माझा हातच जात नाही."

"हात जाईल कसा? पाय तरी कुठे गेलेत तुझे तिथे? माझेही नाही गेले."

मी तिची पिशवी उचलली आणि चालत सुटले. बसथांब्याकडे नाही, डोंगराकडे. मागून ती ओरडली, "वहिनी, बस चुकेल!"

"चुकू दे," मी म्हणाले.