बागेमागचं रान

सूनबाई नगरपालिकेच्या नकाशा विभागात होती. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून शहरात कुठे किती झाडोरा आहे ते मोजणं, हे तिचं काम. सासरे त्याच नगरपालिकेच्या मोठ्या बागेत तीस वर्षं हेडमाळी होते, आता निवृत्त. नकाशा तयार झाल्याचं कळताच त्यांनी जेवताना विचारलं, "मग? आमच्या बागेचा नंबर कितवा?"

"अजून तपासणी चालू आहे, बाबा," ती म्हणाली आणि ताटात बघू लागली.

शहरातल्या बागांमध्ये त्यांची बाग शेवटून तिसरी होती. कातरून घडवलेला हत्ती, चौकोनी कुंपणं, फुलांचे ताटवे आणि मधे फरशीच फरशी. वरून बघणाऱ्याला फरशीच दिसणार. सगळ्यात गडद हिरवा ठिपका निघाला तो बागेच्या मागच्या भिंतीपलीकडे. नियमाप्रमाणे जागेवर जाऊन खात्री करायची होती. रस्ता दाखवायला ती सासऱ्यांनाच घेऊन गेली.

भिंतीपलीकडे मोठा खड्डा होता आणि त्यात पुरुषभर उंच रान माजलेलं.

"अगं, हा तर माझा उकिरडा! बागेतलं तण उपटून तीस वर्षं इथे फेकलं मी."

"फॉर्ममध्ये 'लागवड कोणी केली' असा रकाना आहे. काय लिहू?"

"लिही, कोणी नाही. मी तर त्याच्या मुळावरच उठलो होतो."

तिने तसंच लिहिलं. साहेबांनी कागद परत पाठवला. माणसाचं नाव हवं म्हणाले. शेवटी सासऱ्यांचंच गेलं. महिन्याभरात सत्कार झाला. मानपत्रात 'दूरदृष्टी' हा शब्द दोनदा होता. सासरे खाली मान घालून बसले होते.

खड्ड्याभोवती कुंपण आलं, पहारेकरी बसला. एका सकाळी त्याचा सुनेला फोन आला. "मॅडम, एक आजोबा आत शिरून झाडं उपटतायत. तुमचे सासरे असल्याचं सांगतायत."

ती धावत गेली. सासऱ्यांच्या हातात मुळासकट उपटलेली वेल होती.

"सवय गं. हात शिवशिवतात."

"सासरे असले म्हणून काय झालं?" पहारेकरी म्हणाला. "इथलं पानही तोडायला बंदी आहे."

सासऱ्यांनी कपडे झटकले. "कोणाला सांगतोस? हे अख्खं रान मी लावलंय! विचार नकाशा विभागात!"

नकाशा विभाग शेजारीच उभा होता. त्याने मुकाट्याने मान डोलावली.

पहारेकऱ्याने सलाम ठोकला आणि ती वेल त्यांच्याकडून होती तिथेच परत लावून घेतली. सासऱ्यांनी तीही मन लावून लावली. खड्डा बेताचा, मुळं मोकळी, माती हलक्या हाताने दाबलेली. मग त्यांनी वेलीला घालायला पाणी मागितलं.