विमशिवाय दुसरं नाय

‘विम’ला कोणी नावं ठेवली की माझं डोकं सटकतं. काळ्या पडद्यावर चालणारा हा एडिटर, म्हणजे फाइलीत लिहायचं-खोडायचं सॉफ्टवेअर, त्याला माउस नाय, बटणं नाय, नुसता कीबोर्ड. कुडपणला घरी रेंजची कायम बोंब, तिथे मोबाइलच्या मरतुकड्या नेटवर यानेच माझी नोकरी टिकवली. शिकताना रडकुंडीला आलो होतो. इतकं सोसल्यावर सोडवतंय का कोणाला?

म्हणूनच गेल्या महिन्यात कंपनीच्या सर्व्हरवरचा दुसरा, सोपा एडिटर मी काढून टाकला. कोणाला विचारलं नाय. विममध्ये कुठली कळ दाबल्यावर काय व्हायचं तेही माझ्या सवयीप्रमाणे बदलून घेतलं.

आज कशेडी घाटात दरड कोसळली आणि मी एसटीत अडकलो. नेमकं तेव्हाच आमच्या कंपनीचं तिकीट बुकिंग बंद पडलं. महाडच्या ऑफिसात एकटी वैशाली, पोलादपूरची, नोकरीत कायम व्हायची अजून बाकी. एका फाइलमधली एक ओळ बदलायची होती, बस्स. तिने मला फोन लावला.

"दादा, सोपा एडिटर उघडतच नाय. विममध्ये टाइप केलं तर ओळी गायब होतायत."

"थांब, काही दाबू नकोस," मी म्हणालो. पण कुठली कळ दाबायची ते मला सांगता येईना. बोटांना ठाऊक, तोंडाला नाय. शेवटी मांडीवर बोटं नाचवून बघत एकेक कळ सांगू लागलो. शेजारची म्हातारी जरा सरकून बसली. एका ओळीपायी अर्धा तास गेला.

बुकिंग सुरू झालं आणि मुंबईहून आमचे साहेब, मुरारी सर, कॉलवर आले.

"वैशाली, तो एडिटर कोणी काढला? सर्व्हरशी खेळायला ठेवलंय का तुला? असंच चालणार असेल तर पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस."

"माझ्याच हातनं गेला असेल, सर," ती रडवेली होऊन म्हणाली. नवीन माणसाला सगळं आपलंच चुकलंय असं वाटतं.

मला लाज वाटली. मग कसाबसा बोललो, "सर, मी काढला. मुद्दाम."

सर हसले. "तू होय? मग काहीतरी विचार करूनच काढला असशील. राहू दे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विचार कसला, निव्वळ माज होता, असं सांगायला तोंड उघडलं, तोवर सर कॉलवरून गेले होते. वैशाली मात्र अजून लाइनवर होती.

"दादा," ती हळूच म्हणाली, "मी काढला असता तर?"