माइकची सवत

मी एक जुनी दुर्बीण आहे. आणि मित्रांनो, लपवून काय उपयोग, मी स्वभावाने मत्सरी आहे.

माझा जन्म एका जर्मन कारखान्यातला, पण तो मला आठवत नाही. एका खलाशाने मला सेंट व्हिन्सेंट बेटावर आणले आणि किंग्सटाउनच्या बाजारात विकून टाकले. घेणारे होते ओर्मंड बॅलंटाइन, आमच्या बेटाच्या रेडिओवरचे क्रिकेट समालोचक. लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणत. तीस वर्षे मी त्यांच्या गळ्यात होते.

गळ्यात मी, पण कौतुक कोणाचे? माइकचे! चेंडूचा टप्पा कुठे पडला, बॅटची कड लागली की नाही, हे मी दाखवायचे आणि त्या ठोंब्याने ते आयते बेटभर वाटायचे. कोळी होडीत रेडिओ लावत. बाजारातल्या बाया नीरफणस भाजता भाजता ऐकत आणि म्हणत, "काय बाई आवाज आहे काकांचा!" काय नजर आहे, असे एकीच्या तोंडून निघेल तर शपथ. जेवणाच्या सुट्टीत काका त्याच माइकवरून मयताच्या बातम्या वाचत. आमच्याकडे माणूस गेला की त्याचे नाव, टोपणनाव, न्यूयॉर्कातल्या भाच्यांची नावे, सगळे रेडिओवर सांगतात. त्यावरही लोक म्हणत, "मरावं तर काकांनी नाव वाचावं." म्हणजे तिथेही मान माइकलाच.

मग एका मोसमात काका मला सारखे पुसू लागले. कधी रुमालाने, कधी शर्टाच्या टोकाने. माझ्या काचा तर लख्ख होत्या. तरी एक दिवस ते माइकवर म्हणाले, "मंडळी, माझी दुर्बीण म्हातारी झाली. हिच्यातून आता धड दिसत नाही."

बेटभर बदनामी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. महिन्याभरात श्रोत्यांनी त्यांना नवी दुर्बीण भेट दिली आणि मी समालोचकांच्या खोलीतल्या खिळ्यावर गेले. ती नटवी त्यांच्या गळ्यात मिरवायची आणि मी समोरून बघायचे. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये.

दोन वर्षे तशीच गेली. एका शनिवारी दुसरा गडी बाद झाला. काका नवीला डोळ्यांशी धरून रंगात आले. "आणि मंडळी, पायऱ्या उतरतोय... बघा ती डावा खांदा पाडून चालायची ऐट! आपला आल्बन ऑलिव्हिएर मैदानात येतोय!"

शेजारी धावा लिहिणाऱ्या मिस इव्हेटची पेन्सिल थांबली. "अहो काका," ती कुजबुजली, "आल्बन कुठला? त्याचा मुलगा आहे तो, किमरॉन. आल्बनच्या मयताची बातमी तुम्हीच नाही का दिलीत, नाताळाच्या आधी?"

खोटे कशाला बोलू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. घ्या, आणा अजून नवी दुर्बीण!

चहाच्या सुट्टीत आल्बनची बायको वर्ना जिना चढून आली. घर तिचे मैदानाला लागूनच.

"ओर्मंड, तुला फाडून खायला आले होते मी," ती म्हणाली. "मासे तळत होते. तू त्याचं नाव घेतलंस आणि मी कढई तशीच टाकून दारात धावले. दारात, अरे! कुणाला बघायला?" ती मटकन खुर्चीत बसली. मग काकांकडे रोखून पाहत तिने हात पुढे धरला. "ही बोटं किती?"

काका मान तिरकी करून बघू लागले.

"ओर्मंड, बोटं किती?"

"नाही दिसत गं. मधोमध डाग आलाय. माणसांचे चेहरे गेले, चाल तेवढी कळते. आल्बनची चाल पोराने जशीच्या तशी उचललीय."

"कधीपासून हे?"

"दोन वर्षं झाली. सांगितलं असतं तर माइक गेला असता हातातून."

"आणि आता डोळे गेले! डॉक्टर काय म्हणाला?"

"तेव्हाच यायला हवं होतं म्हणाला."

माझ्या उकळ्या जागच्या जागी थंड झाल्या. खेळ पुन्हा सुरू व्हायची वेळ आली. काकांनी नवी दुर्बीण टेबलावर ठेवली, भिंत चाचपत चाचपत मला खिळ्यावरून काढले आणि गळ्यात घातले.

"मंडळी," ते माइकवर म्हणाले, "आजच्या चुकीबद्दल वर्नाची माफी मागतो. आणि एक चूक जुनी आहे. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या दुर्बिणीवर आळ घेतला. काचा तिच्या चांगल्या होत्या, डोळे माझे गेले होते. तीस वर्षं तिने दाखवलं, तेच मी तुम्हाला सांगत आलो. आता पुढचं षटक मिस इव्हेट सांगेल."

ज्या कौतुकासाठी मी जन्मभर जळले, ते त्या मेल्या माइकवरूनच सगळ्या बेटाने ऐकले. पण काका त्यानंतर पुन्हा त्याच्यासमोर बसले नाहीत. आता शनिवारी ते ओट्यावर रेडिओ लावून बसतात. मी गळ्यात असते. ते मला डोळ्यांना लावत नाहीत, नुसता हात ठेवतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी चष्म्याच्या काचा सारख्या पुसू लागले, तर नवा चष्मा आणायला धावू नका. आधी जवळ बसा आणि विचारा, "काका, दिसतंय ना?" मी रोज त्यांच्या डोळ्यांना डोळा लावून होते, मला पहिल्या दिवशीच कळले होते. पण तोंड मिळाले होते माइकला.