घरी थांबायला आलेली मावशी

टेकूमावशी बसकंडक्टर म्हणून रिटायर झाली, पण तिचा आवाज काही रिटायर झाला नाही. हरवलेल्यांच्या घरच्यांना आधार देणाऱ्या मंडळात ती होती, म्हणून हे नाव. तिचा स्वतःचा भाऊ कामाला म्हणून गेला तो परतलाच नव्हता. त्यामुळे अशा घरात काय बोलू नये, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या सकाळी ती एका चष्मेवाल्याच्या घरी गेली. त्याचा तरुण मुलगा बेपत्ता झाल्यापासून नवराबायको एकत्र घराबाहेर पडले नव्हते. पोरगा आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?

"तुम्ही दोघं जा फिरायला, मी बसते इथे," मावशी म्हणाली.

"आणि तो आला तर?" बायकोने विचारलं.

"जेवायला घालते नि तुम्हाला फोन करते. तोवर हलू देत नाही. फुकट्यांना बसमधून उतरवण्यात जन्म गेला माझा, एका पोराला बसवून ठेवता येणार नाही होय?"

चष्मेवाला फिसकन हसला आणि लगेच ओशाळला.

"हसा हो. तुम्ही हसलात म्हणून तो आणखी लांब जात नाही."

बायको दारातून दोनदा माघारी आली. "कांदा घालू नका त्याला. आणि कुठे होतास, असं विचारू नका."

दुपारी बेल वाजली. मावशीच्या डोळ्यांपुढे चष्मेवाल्याचा मुलगा नाही, तिचा भाऊच आला. दारात शेजारीण होती.

"काही कळलं का?"

"कळलं ना. दोघं फिरायला गेलेत."

संध्याकाळी दोघं गुडघ्यापर्यंत भिजून परतले. तळ्यावर चष्मेवाल्याने होडी भाड्याने घेतली होती आणि एकाच बाजूने वल्हं मारत बायकोला गोल गोल फिरवलं होतं. ती हे सांगताना हसत होती, मग मध्येच रडू लागली. त्याने पाणी आणून दिलं. मावशी जवळ जाऊन बसली.

जरा वेळाने बायकोने डोळे पुसले. "मावशी, तुमच्या घरी कोण थांबतं हो?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "कुणी नाही. मीच फारशी कुठे जात नाही. बहिणीकडे रात्री मुक्कामाला तर नाहीच."

"मग रविवारी जा बहिणीकडे. मी येऊन राहते."

टेकूमावशीने उगाच पिशवीचा बंद सारखा केला. "भाऊ आला तर त्याला कांदा चालतो," ती म्हणाली.