थांबवून ठेवजो

आमच्या वऱ्हाडात खासदार दिल्लीत काय बोलला हे कोणी विचारत नाही. घाटावर आला होता का, एवढं मात्र हमखास विचारतात. इकडे चिता पेटली की शेडमध्ये माइक लागतो, शोकसभा होते आणि चार मानाची माणसं गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात. खुशालरावांना हे वेगळं सांगायची गरज नव्हती. तरी एकदा चुकले, आणि पाच वर्षांची खासदारकी त्यात वाहून गेली. खासदारकीचं दुःख आता शिळं झालं होतं. गजेंद्रचं झालं नव्हतं.

गजेंद्र वरूडकडचा संत्रावाला. खुशालरावांच्या निवडणुकीत स्वतःची बाग वाऱ्यावर सोडून तो गावोगाव फिरला होता. त्याची माय गेली तेव्हा संसदेचं अधिवेशन चालू होतं.

"थांबवून ठेवजो, गजू. मी येऊन राहिलो," खुशालरावांनी फोनवर सांगितलं.

मंगलाष्टकं थांबवून घ्यायची सवय लागलेला माणूस. मयतीलाही तेच बोलून गेला. नेमकं त्याच दिवशी शून्य प्रहरात बोलायला त्यांचं नाव निघालं होतं. विषय संत्र्याच्या फळगळीचा, म्हणजे गजेंद्रच्याच बागेचा. बोलून संध्याकाळच्या विमानाने निघू, असं त्यांनी ठरवलं. सभागृहात गोंधळ झाला, कामकाज तहकूब झालं, पुन्हा भरलं, पुन्हा तहकूब. संत्रंही राहिलं आणि विमानही. रात्री त्यांनी "सकाळी नक्की" म्हणून कळवलं आणि सकाळी सभागृहात हजर राहण्याचा पक्षाचा व्हिप निघाला. तिकडे एप्रिलच्या उन्हात गजेंद्रने भावकीच्या शिव्या खात, बर्फाच्या लाद्या आणून आणून माय अंगणात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उचलली. त्यानंतर तो खुशालरावांशी बोलला नाही. पुढच्या निवडणुकीत विरोधकांना वेगळा मुद्दा शोधावा लागला नाही.

आज अकोल्यात एका लग्नात अक्षता हातात असतानाच त्यांना निरोप आला. गजेंद्र गेला. ते तसेच गाडीत बसले. मी निघालोय एवढंच त्यांनी गावात कळवलं, थांबवा म्हणायला जीभ उचलली नाही. अमरावती मागे पडली. सगळ्या गावासमोर गजूची माफी मागायची, याशिवाय त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

पोचले तेव्हा चिता चांगलीच पेटली होती. गजेंद्रच्या एकुलत्या एका लेकीने, आरतीने, अग्नी दिला होता. ती त्यांच्याजवळ आली.

"तुमी निघाले हे समजलं होतं, काका. पन बाबानं सांगून ठेवलं होतं, माह्या वेळेस कोनासाठीच थांबू नका म्हनून."

खुशालराव शेडकडे वळले. शेडच्या खांबावर 'खासदार निधीतून' या अक्षरांखाली त्यांचंच नाव अर्धं पुसलेलं होतं. ते तिथेच खाली बसले. तेवढ्यात सरपंच किशोरने माइकवर पुकारलं, "आता माजी खासदार साहेब दोन शब्द बोलतील."

त्यांनी माइक घेतला.

"गजू, तुह्या मायच्या वेळेस मी..."

माणसं वर बघू लागली. आणि जिभेने आपलं नेहमीचं काम सुरू केलं. हरल्यापासून त्यांनी एकही मयत चुकवली नव्हती, भाषण तोंडात तयारच होतं. "गजेंद्रभाऊ म्हणजे मिळून-मिसळून वागणारं व्यक्तिमत्त्व. त्यांच्या जाण्यानं परिसराची कधीही भरून न निघणारी हानी झाली आहे..." हे आपण काय बोलतोय ते त्यांना कळत होतं, लाजही वाटत होती, पण थांबता येत नव्हतं. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो, इथपर्यंत जाऊनच ते थांबले.

दोन मिनिटांचं मौन झालं. लोक चपला झटकून गाड्यांना किक मारू लागले. सरपंचाने माइकची वायर गुंडाळली. खुशालराव मात्र हलले नाहीत.

"आरती, जे बोलाले आलो होतो ते राहूनच गेलं, बेटा," ते म्हणाले. "आग विझेपर्यंत थांबू काय मी?"

आरतीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"थांबा ना, काका. पन आता तुमची वाट पाहनारं इथं कोनी नाही."