गाडीत झोपलेला फोटोग्राफर

गाडीच्या काचेआड कुणीतरी डोकं टेकून झोपलं होतं. फोटो मोठा केला तेव्हा किर्स्टीला टोपी दिसली, मग दाढी. वाल्टर माटिलाच. मग कॅमेऱ्यामागे कोण होतं?

थंडर बे बंदराच्या गोठलेल्या धक्क्यावरचे वाल्टरचे फोटो साऱ्या कॅनडाला ठाऊक होते, ते किर्स्टीच्या पुस्तकामुळे. त्याच पुस्तकाने तीही मोठी क्युरेटर झाली. आता वाल्टर गेल्यावर तिच्या संग्रहालयात त्याचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्याच्या बायकोने, हेल्वीने, उरलेल्या निगेटिव्ह आणून दिल्या होत्या. हा फोटो त्यांतलाच.

किर्स्टीने धक्क्यावरचे जुने फोटो पुन्हा काढले. सगळे खालून घेतलेले. वाल्टर चांगला ताडमाड. ‘तो जगाकडे वाकून, नम्रपणे पाहतो,’ असं तिनेच लिहिलं होतं.

ती हेल्वीकडे गेली. बुटक्या हेल्वीने कॉफी आणि वेलचीचा पाव पुढे ठेवला.

“हेल्वी, हा फोटो कुणी काढला?”

“मी. धक्क्यावरचे सगळेच माझे. गुडघे गेल्यावर तो गाडीतून उतरायचा कुठे? बसल्या जागी घोरायचा.”

“आणि मी लिहिलेलं ते वाकून पाहणं...”

“वाचलं ना! पोट धरधरून हसलो दोघं.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कधी? यायचीस, त्याच्याशी तासन्‌तास बोलायचीस. मी आपली कॉफी देत होते.”

किर्स्टी ओशाळली, पण घरी जाताना शंकेने डोकं वर काढलं. नवरा गेल्यावर म्हातारी त्याचं श्रेय तर लाटत नसेल? दुसऱ्या दिवशी ती हेल्वीला कॅमेऱ्यासह धक्क्यावर घेऊन गेली.

“परीक्षा घेतेस होय गं माझी?” हेल्वीने विचारलं. वाऱ्यात बराच वेळ नुसती उभी राहिली आणि एकदाच बटण दाबलं.

तो फोटो धुऊन हाती आला, तेव्हा धक्क्यावरच्या जुन्या फोटोंतलीच ती नजर किर्स्टीला लगेच ओळखू आली.

“स्वतःच्याच पुस्तकावर बोळा फिरवणार तू?” संग्रहालयाचा संचालक ग्रेग वैतागला.

“चुकलंय ते. कसं चुकलं, तेही मीच लिहिणार.”

लिहिलंही. काहींनी तिला भोळी म्हटलं, काहींनी लबाड. दोन व्याख्यानं रद्द झाली. प्रदर्शन मात्र दोघांच्या नावाने लागलं.

उद्घाटनाला हेल्वी डोळे बारीक करून एकेक भिंत तपासत चालली होती. एका फोटोपाशी थांबून तिने किर्स्टीला हाक मारली.

“याच्याखाली माझं नाव कुणी लावलं? हा त्याचा आहे. काढ ते.”