लबीबच्या मयताची कॉफी

लबीबचा नवा जन्म झाला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्याच्या बहिणीला झाला होता, आणि आता ते आठवलं की शफीका स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायची. तिला बिचारीला वाटलं होतं, भाऊ बदलला, आता बाग परत मिळणार. बाप जर्गस वारला तेव्हा नाईलकाठची खजुरीची बाग आणि बागेतलं दोन खोल्यांचं घर दोघा भावंडांचं होतं. लबीबनं सरळ सांगितलं, आपल्याकडे बायकांना जमीन देत नाहीत, आणि सगळंच घशात घातलं. तेव्हा शफीकाचा नवरा जिवंत होता, तिनं सोडून दिलं. आता नवरा नाही, पोरबाळ नाही, दिराच्या घरी चुलीमागे अंथरूण, आणि जाऊबाई अशी की भाकरीबरोबर रोज एक टोमणा वाढायची. "माहेरी एवढी बाग, आणि बसली आमच्या उरावर." शफीकाला फार काही नको होतं. त्या दोन खोल्या, आतून लावायला स्वतःची एक कडी, आणि निम्मी झाडं.

हा नवा जन्म गावात आणला पाद्री वजीहनं. तो मिन्या शहरातून दर गुरुवारी कर्णा घेऊन यायचा, जुन्या गोदामात सभा भरवायचा, आणि सभेत ज्याला नवा जन्म मिळाला असेल त्यानं उठून आपल्या जुन्या पापांची साक्ष द्यायची. आमच्या गावच्या लोकांची पापं ती केवढी? कुणी उपासाच्या दिवसांत अंडं खाल्लेलं, कुणी शेजाऱ्याचं पाणी वळवलेलं. लबीबचं पाप मात्र भरदार होतं.

"मी माझ्या सख्ख्या, विधवा बहिणीच्या तोंडचा घास काढला," तो कर्ण्यातून रडायचा. शफीका तेव्हा विधवा नव्हती, पण साक्षीत ते शोभून दिसायचं. "तिची खजुरी लुटली. तिला दारोदार केलं. असा अधम होतो मी."

लोक ढसाढसा रडायचे. बायका शफीकाला मिठ्या मारायच्या. उपासाच्या दिवसांतल्या त्या पहिल्या गुरुवारी तीही रडली, आणि घरी जाऊन तिनं गुपचूप आपलं बोचकं बांधून ठेवलं. शुक्रवारी कुणी आलं नाही. पुढच्या गुरुवारी लबीब पुन्हा रडला. हळूहळू मिन्याहून गाड्या भरून माणसं त्याची साक्ष ऐकायला यायला लागली. दर गुरुवारी शफीकाची बाग लुटली जायची आणि दर गुरुवारी लोक आमेन म्हणायचे.

शेवटी ती उठली आणि बागेत गेली. लबीब सावलीत बसून नव्या तोडीचे खजूर चाखत होता.

"ये, प्रिय भगिनी," तो म्हणाला. पूर्वी तो तिला 'ए शफीके' म्हणायचा, ते बरं होतं.

"लब्या, माझा वाटा कधी देतोस?"

लबीबनं दुःखानं मान हलवली. "तुझा वाटा घेतला जुन्या माणसानं. तो मेला. मेलेल्याचा जाब मला कशाला विचारतेस?"

"मग तू कोण?"

त्यानं काडी घेऊन मातीत तीन वर्तुळं काढली, एकाच्या पोटात एक, पाद्री वजीह फळ्यावर काढायचा अगदी तशी. "हे बाहेरचं शरीर. हा मधला जीव, म्हणजे मन, बुद्धी, राग-लोभ. आणि हा सगळ्यात आतला आत्मा. नवा जन्म होतो तो आत्म्याचा. माझा आत्मा आता धुतलेल्या लोकरीसारखा आहे. त्यानं कुणाचं काहीसुद्धा घेतलेलं नाही."

"आणि जीव?"

"जिवाचं काम चालू आहे. त्याला वेळ लागतो."

"आणि हे खजूर कोण खातंय?"

"शरीर. शरीराचं काय घेऊन बसलीस, तो नुसता तंबू आहे."

"तंबूला बरंच लागतं की रे."

लबीब रागावला नाही. तेच तर वाईट. तो उठला, खजुरानं चिकट झालेला हात त्यानं तिच्या डोक्यावर ठेवला, आणि डोळे मिटून तिच्या कडवट मनासाठी प्रार्थना केली. शफीका तडक कालव्यावर गेली आणि डोकं धुतलं. भावानं चोरी केली ती तिनं सोसली होती. जुना लबीब ती दिसली की रस्ता बदलायचा, त्याला निदान लाज होती. पण चोरानंच वर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा, हे काही तिला सोसेना. तिथंच काठावर बसून ती रडली, आणि रडून झाल्यावर उठून अबूना बिसादांकडे गेली.

अबूना म्हणजे गावातल्या जुन्या ख्रिस्ती देवळाचे म्हातारे धर्मगुरू. निम्मी मंडळी गुरुवारच्या सभेला जायला लागल्यापासून त्यांचं तोंड कडूच असायचं.

"कसला डोंबलाचा नवा जन्म," ते म्हणाले. "तान्हा असताना मीच त्याला बाप्तिस्म्याच्या कुंडात बुडवला. झाला तेव्हाच नवा जन्म. माझ्या बाहीवर मुतला होता मेला."

"अबूना, तो म्हणतो, जुना लबीब मेला. मग त्याचा तिसरा करायला नको?"

आमच्याकडे मेलेल्या माणसाचा आत्मा तिसऱ्या दिवसापर्यंत घरातच घुटमळतो. तिसऱ्या दिवशी अबूना ऊद आणि पाणी घेऊन येतात, प्रार्थना म्हणतात आणि त्याला वाटेला लावतात. धर्मात असं काही नाही, हे अबूना स्वतःच सांगतात, आणि बोलावलं की जातात.

"जिवंत माणसाचा तिसरा मी घालणार नाही," ते म्हणाले. "ते पाप आहे." मग त्यांनी थोडा वेळ दाढी कुरवाळली. "पण कुणी कॉफी प्यायला बोलावलं तर येईन. कॉफी काही संस्कार नव्हे."

दुसऱ्या दिवशी सकाळी शफीकानं मयताघरच्या बायका फासतात तसा तोंडाला चिखल फासला. विधवेचे काळे कपडे तर अंगावर होतेच. दिराच्या दारात बसून तिनं असा हंबरडा फोडला की खुराड्यातली कबुतरं उडाली. "माझा लबीब गेला गं, माझ्या पाठचा गेला." जाऊबाई धावत बाहेर आली, आणि काय झालं ते न विचारताच तिच्याशेजारी बसून ऊर बडवायला लागली. रीतच आहे तशी, आधी रडायचं, मग विचारायचं. दुपारपर्यंत गल्लीत खुर्च्या मांडल्या गेल्या आणि मयताची बिनसाखरेची कॉफी फिरायला लागली. ज्यांना खरं ठाऊक होतं ते आधी येऊन पुढच्या खुर्च्यांवर बसले.

शेजारच्या शेताचे हाजी सनूसी आले ते मयताघरी द्यायची साखरेची पिशवी घेऊन, डोळे पुसत. "शेवटी उरतो तो एक देवच. अगं, परवाच मी त्याच्याशी पाण्याच्या पाळीवरून भांडलो. कधी गेला?"

"उपासाच्या दिवसांतच गेला, हाजी," शफीका म्हणाली. "मला काल त्यानं स्वतः सांगितलं."

हाजींनी अबूनांकडे बघितलं.

"कॉफी घ्या, हाजी," अबूना म्हणाले. "गार होतेय."

तेवढ्यात लबीब आला. वाटेत कुणीतरी त्याला बघून किंचाळून पळालं होतं, म्हणून तो आधीच तापलेला. बरोबर पाद्री वजीह. हाजी उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

"हा काय तमाशा लावलायस?" लबीब म्हणाला.

शफीकानं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तू कोण रे बाबा? अगदी माझ्या लब्यासारखा दिसतोस. सुतकाला आलास, देव तुझं भलं करो. बस."

पुढच्या खुर्च्यांवरच्या लोकांनी तोंडं कपात घातली.

"भगिनी," पाद्री वजीह मऊ आवाजात म्हणाला, "आत्मिक गोष्टींचा तुम्ही शारीरिक अर्थ घेताय."

"मला खजुरी शारीरिकच हवी आहे, पाद्रीबाबा."

"खजुरी माझी आहे," लबीब ओरडला. "माझ्या बापाची आहे."

"तुझा बाप?" शफीका उठली. चिखल सुकून तिच्या गालांवर भेगा पडल्या होत्या. "तूच दर गुरुवारी कर्ण्यातून सांगतोस, आता माझा बाप स्वर्गात आहे म्हणून. मग तिथली खजुरी घे ना. माझा बाप जर्गस, तो खाली कबरस्तानात आहे. त्याचा मुलगा मेला. त्याची मुलगी ही इथं उभी आहे."

हाजी सनूसींना काय चाललंय ते आता कुठं उमगलं. चार माणसांत बोललेला शब्द आमच्याकडे कागदापेक्षा पक्का, आणि इथं तर सगळी गल्ली बसली होती.

"बाईचं चुकत नाही," हाजी सावकाश म्हणाले. "एका माणसाला दोन बापांचा वारसा कसा मिळेल?"

"मीच जर्गसचा मुलगा," लबीब फुटला. त्याचं नाक लाल झालं. "मीच लबीब. जुना काय, नवा काय, मी एकच आहे. मेलो नाही मी, तुमच्या आयला तुमच्या."

ही शिवी नव्या जन्मापासून त्याच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. पाद्री वजीहनं त्याची बाही ओढली, पण तो भरात होता.

"बरं झालं, आहेस ते," अबूना बिसादा म्हणाले. "मग जर्गसच्या मुलीचा वाटा कुणी घेतला, लबीब?"

लबीबनं पाद्र्याकडे पाहिलं. मग खुर्च्यांकडे. तिथं रडायला कुणी तयार नव्हतं.

"मी घेतला," तो म्हणाला.

कुणी आमेन म्हटलं नाही. एवढ्या गुरुवारांत शफीकानं हे वाक्य कितीदा ऐकलं होतं, पण खरं वाटलं ते आज पहिल्यांदा. तिला वाटलं होतं आपण हसू. ती मटकन खाली बसली आणि खरंखुरं रडली, आणि चिखल ओघळून तिच्या मांडीवर पडला.

"उद्या सकाळी मी मोजायची दोरी घेऊन येतो," हाजी सनूसी म्हणाले. "अबूना साक्षीला. बाग मधोमध, घर शफीकाचं. कबूल?"

"कबूल," लबीब पुटपुटला. तो खुर्चीत बसला. कुणीतरी त्याच्या हातात कॉफी दिली आणि आपल्याच मयताची ती कॉफी त्यानं निमूट प्यायली. मग त्याच्या मनात काहीतरी आलं. त्यानं मान वर केली. चेहरा इतका केविलवाणा झाला होता की शफीकाला क्षणभर त्याची दया आली.

"पण मग गुरुवारी मी सांगू काय?" त्यानं विचारलं.

तो मनापासून विचारत होता. आणि त्याच्यापेक्षाही जास्त आशेनं उत्तराची वाट पाहत होता तो त्याच्या शेजारी उभा असलेला पाद्री वजीह.